बर्फावरची खोप

पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते. त्याहून थंड होऊ लागले की ते पुन्हा फुगते. आणि बर्फ पाण्याहून हलका असल्यामुळे वर तरंगतो. म्हणून थंड देशांतली सरोवरे वरून गोठली तरी खाली मासे जिवंत राहतात. हे मी गेली वीस वर्षे मुलांना सांगत आलो आहे. माझा विषय खरे म्हणजे मराठी. पण आमच्यासारख्या लहान शाळेत मराठीच्या मास्तराला विज्ञानाचा तास नको म्हणून चालत नाही, आणि मॅट्रिकच्या पुढे न गेलेल्या मास्तराला तर मुळीच नाही. मी फळ्यावर सरोवर काढतो, त्यावर खडू आडवा धरून बर्फ रंगवतो, खाली दोन मासे काढतो आणि रुमालाने घाम पुसतो. कोकणातल्या शाळेत बर्फ शिकवताना फार घाम येतो.

एकदा एका मुलाने विचारले, "गुरुजी, त्या बर्फावरून चालता येतं?"

"येतं," मी म्हणालो.

"तुम्ही चाललात?"

मी त्याला बाकावर उभे केले. प्रश्न चांगला होता, म्हणूनच राग आला. त्या मुलाची मला आठवण झाली ती २०२५ च्या जानेवारीत, अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, एका गोठलेल्या सरोवराच्या काठावर. माझा उजवा पाय जमिनीवर होता आणि डावा पाय पुढे टाकायला धजत नव्हता. दादा पुढे दहा पावलांवर उभा राहून हसत होता.

दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. पंचविसाहून अधिक वर्षे तो मिनियापोलिसच्या बाजूला राहतो. २०२४ च्या नोव्हेंबरात त्याची बायपासची शस्त्रक्रिया झाली. वहिनींचा फोन आला, "भाऊजी, ह्यांनी माझं ऐकणं सोडलंय. तुम्ही या." तीन वर्षे मी येतो येतो म्हणत होतो. या वेळी बिनपगारी रजा काढली आणि गेलो. वाटले होते, दादाच्या उशाशी बसून औषधे द्यायची असतील. पोहोचलो तर दादा गॅरेजमध्ये फूटपट्टी घेऊन उभा, आणि त्याच्यासमोर एक लाकडाचे घर.

घरच म्हटले पाहिजे. सहा फूट रुंद, आठ फूट लांब. दोन-दोन इंची रिपांचा सांगाडा, त्यावर पाव इंची प्लायवुड, आतून इंचभर जाडीचा फोम, त्यावर पुन्हा लाकडी पट्ट्या. डोक्यावर पत्रा. दोन खिडक्या, दोन्हींना काचा. दोन भिंतींना दोन फळ्या, रेल्वेच्या डब्यातल्यासारख्या, बसायला आणि झोपायला. कोपऱ्यात लोखंडी शेगडी आणि तिचे धुराडे. एक लहान कपाट, त्यात चहासाखरेचे डबे. जमिनीवर चक्क गालिचा; आणि त्या गालिच्याला फळ्यांच्या पायथ्याशी दोन गोल भोके, वर झाकणे.

"हे भोक कशाला?" मी विचारले.

"मासे धरायला," दादा म्हणाला.

वाचकांपैकी ज्यांनी हा प्रकार पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मिनेसोटा या नावाचा अर्थ तिथल्या डाकोटा लोकांच्या भाषेत आभाळाच्या रंगाचे पाणी असा काहीसा होतो. दहा एकरांहून मोठी अशी ११,८४२ सरोवरे त्या राज्यात आहेत आणि हिवाळ्यात ती बहुतेक सगळी गोठतात. आपल्याकडे पावसाळ्यात दर्यावरची मासेमारी बंद होते, तशी तिथली हिवाळ्यात बंद व्हावी की नाही? होत नाही. माणसे बर्फावर चालत जातात, गिरमिटाने आठ-दहा इंच रुंदीचे भोक पाडतात, त्यातून गळ सोडतात आणि भोकाकडे पाहत बसतात. उघड्या पाण्यात माणशी एकच गळ टाकायची परवानगी, बर्फातून दोन. सरकारलाही त्यांची दया आली असावी. बाहेर शून्याखाली वीस-पंचवीस अंश थंडी आणि तोडून नेणारा वारा. म्हणून भोकावर आडोसा करायचा. आणि आडोसा म्हटला की माणसांत दोन तट पडतात.

एक तट म्हणतो, आडोसा हलका हवा. दुसरा म्हणतो, उबदार हवा. दोन्ही एकदम मिळत नाही. फोमचा एक थर वाढवला की वजन वाढते, शेगडी आणली की वजन वाढते, निजायला फळी ठोकली की वाढते. वाढलेले वजन ओढायला गाडी लागते आणि गाडी न्यायला बर्फ जाड लागतो. तिथल्या मासे-शिकार खात्याने त्याचे कोष्टकच दिले आहे. पायी चालणाऱ्या माणसाला निदान ४ इंच स्वच्छ, ताजा बर्फ हवा. लहान मोटारीला ९-१० इंच. मोठ्या गाडीला १३. चाकांवरची दोन-दोन टनांची घरे ओढणाऱ्यांना २० इंच आणि वर. आणि कोष्टकाखाली हेच खाते सांगते की कोणताही बर्फ पूर्ण निर्धोक नसतो. हे काही उगीच नव्हे. २०२३ च्या डिसेंबरअखेर अप्पर रेड लेक या उत्तरेकडच्या सरोवरावर बर्फाचा एक प्रचंड तुकडा काठापासून सुटून निघाला. त्यावर शंभराहून अधिक माणसे गळ टाकून बसली होती. सगळी सुखरूप परत आली. पण मधल्या वेळात त्यांच्या मनात काय काय आले असेल!

दादाच्या त्या घराचे वजन, सगळा संसार धरून, चारशे किलोंच्या घरात गेले होते.

हलक्या तटाचे पुढारी आमच्या शेजारीच होते. ते सत्तरी ओलांडलेले, निवृत्त सुतार, नॉर्वेतून आलेल्या शेतकऱ्यांच्या वंशातले. मी त्यांना मनातल्या मनात आजोबा म्हणू लागलो. त्यांचा आडोसा म्हणजे एक घसरगाडी आणि तिच्यावर दुमडलेला कापडी तंबू. बसायच्या जागी गाडी थांबवायची, तंबूचा दांडा धरून डोक्यावरून पुढे उलटायचा, की झाले घर. वजन पंचवीस-तीस किलो. दोरी कमरेला बांधून म्हातारा एकटा ओढत नेई. या जातीचा आडोसा मिनेसोटातल्याच डेव्ह जेन्झ नावाच्या माणसाने १९८० च्या सुमारास लोकप्रिय केला. त्याचे म्हणणे सरळ होते. मासा एका जागी राहत नाही, तर तुम्ही का राहता? एका भोकाशी दिवस घालवण्यापेक्षा वीस भोके पाडा, मासा लागेल तिथे थांबा, लागेनासा झाला की उठा.

यात तथ्य आहे. हिवाळ्याच्या सुरुवातीला पुष्कळ मासे काठच्या उथळ पाण्यातल्या शेवाळात असतात. पुढे बर्फ जाड झाला, त्यावर हिम साचून उजेड कमी झाला, शेवाळ कुजू लागले आणि पाण्यातला प्राणवायू घटला, की ते खोलवर जातात. हिवाळा सरता सरता पुन्हा काठाकडे येतात. चारशे किलोंचे घर त्यांच्या मागे कुठवर फिरणार?

मी मनाने पहिल्याच दिवशी आजोबांच्या तटात गेलो. याला कारण होते. आमच्या अण्णांचा नदीकाठी लहानसा मळा होता. भात कापून झाले की तिथे कलिंगडे लावीत. कलिंगडाला कोल्हे फार, म्हणून राखणीला जावे लागे. राखणीसाठी अण्णा दर वर्षी नवी खोप घालीत. चार बांबू, वर नारळाच्या झावळ्या, खाली पेंढा. एका दुपारचे काम. कोल्हे मळ्याच्या दुसऱ्या टोकाने शिरू लागले तर अण्णा आणि गडी ती खोप जशीच्या तशी उचलून तिकडे नेऊन ठेवीत. पौषातल्या रात्री अण्णा आम्हां दोघांना बरोबर नेत. मी सहा वर्षांचा असेन. झावळ्यांच्या फटींतून तारे दिसत. अण्णांच्या घोंगडीला मेंढीचा आणि धुराचा वास येई. मधूनच अण्णा उठून डबा वाजवीत मळ्याला फेरी घालीत आणि तो आवाज दूर दूर जात असतानाच मला झोप लागे. माझ्या दोन कादंबऱ्यांत ती खोप आली आहे. वाचकांची पत्रेही आली आहेत.

त्यामुळे दादा गॅरेजमध्ये तिसऱ्यांदा शेगडीचे धुराडे मोजू लागला तेव्हा मी म्हणालो, "दादा, अण्णांची खोप आठव. एका हाताने उचलावी अशी. तिच्यात काय कमी होतं? आणि तू इथं बर्फावर वाडा बांधतोयस."

दादा माझ्याकडे पाहतच राहिला. मग "हं" म्हणाला आणि पुन्हा मोजू लागला.

खरे सांगायचे तर माझ्या त्या बोलण्यात नुसती खोप नव्हती. १९९३ साली अण्णा गेले तेव्हा दादा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता आणि मी मॅट्रिकला. घरात पैसे एकाच्याच शिक्षणापुरते होते. तो पुढे गेला, मी मळा आणि आई सांभाळायला राहिलो. यात कुणाचा दोष नव्हता, आणि दादाने पुढे पैसे पाठवण्यात कधी हात आखडला नाही. तरीही माणसाच्या मनात एक वही असते आणि ती कुणाला दाखवायची नसते. त्या काचेच्या खिडक्या, तो गालिचा पाहून माझ्या वहीत आणखी एक ओळ पडली, एवढे मात्र खरे.

जानेवारीच्या मध्यावर घर सरोवरावर गेले. आजोबांनी गिरमिटाने भोक पाडून पट्टी घातली. पंधरा इंच. त्यांच्याच चार चाकांच्या फटफटीला घर जोडले आणि ते आपल्या लाकडी धावांवरून करकरत निघाले. मी मागून चालत होतो. होय, बर्फावरून. फळ्यावर खडूने रंगवतो तसा तो पांढरा नसतो. वारा हिम झाडून नेतो तिथे तो काळा असतो आणि त्यात पांढरे बुडबुडे अडकलेले दिसतात. रात्री थंडी वाढली की तो आकसतो, ताणतो आणि मोठ्याने गरजतो. पहिल्यांदा तो आवाज ऐकला तेव्हा मी दादाचा हात धरला. आजोबा म्हणाले, भिऊ नका, हा बर्फ घट्ट होतानाचा आवाज आहे.

काठापासून फर्लांगभर गेल्यावर दादाने जागा ठरवली. धावांखाली चार लाकडी ठोकळे सारले, नाहीतर घर बर्फाला चिकटून बसते. असे घर सरोवरावर सोडून जायचे तर परवाना लागतो आणि मालकाची ओळख बाहेर लिहावी लागते. दादाने नाव-पत्ता इंग्रजीत रंगवला होता. आणि त्याखाली, सरकारने मागितले नव्हते तरी, बारीक देवनागरी अक्षरांत मु. पो. घालून आमच्या गावाचे नाव.

मग आमचे रोजचे बसणे सुरू झाले. बाहेर शून्याखाली वीस. आत मी सदऱ्यावर. शेगडीवर चहा उकळतो आहे, दादा एका फळीवर, मी दुसऱ्या फळीवर, पायाशी आपापले भोक. हातभर लांबीच्या काठीला दोरी, दोरीला अळी लावलेला गळ. काठी जरा वर, जरा खाली. इतक्या उबेतही दादा दाराजवळची एक झडप सताड उघडी ठेवी आणि भिंतीवरच्या विषारी वायूच्या घंटेकडे दिवसातून चार वेळा पाही. शेगडीचा कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नाही, रंग नाही, आणि बंद घरात तो माणसाला झोपेतच नेतो. म्हणून घर जितके घट्ट बांधावे तितके भोक आठवणीने ठेवावे लागते. आजोबांनाही तंबूची खिडकी उघडी ठेवावी लागेच. पण आम्ही आधी फोम लावून वारा अडवला होता आणि मग झडप उघडून तो आत घेत होतो, याचे त्यांना फार हसू येई.

मासे? पहिल्या आठवड्यात तीन, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात एकही नाही. मासे सरकले होते. समोर आजोबांचा लाल तंबू दिवसाकाठी पाच जागा बदलताना खिडकीतून दिसे. आज इथे, उद्या त्या टोकाला. मी म्हणे, "दादा, घर हलवू या." दादा म्हणे, "आजच्या दिवस राहू दे. बस मस्त जमलीय." बस जमली की उठवत नाही, हा त्या उबेचा दोष मी रोज पाहत होतो.

पण आणखीही एक गोष्ट मी पाहत होतो आणि ती मला कबूल करायला जड जात होती. चारच्या सुमारास लाल तंबू दुमडला जाई आणि आजोबा दोरी ओढत आमच्या दारात येत. मिशांवर बर्फ, बोटे वाकत नाहीत. दादा त्यांना माझ्या फळीवर बसवी, चहाचा पेला त्यांच्या दोन्ही हातांत देई. ते अर्धा तास बोलत नसत. मग बादलीतले चार मासे काढून गालिच्याशेजारी ठेवीत. मासे त्यांचे, ऊब आमची. रात्री वहिनी ते मासे हळद, तिखट, आगळ लावून तांदळाच्या पिठात घोळून तळीत, आणि आजोबांचा वाटा कुंपणावरून पोहोचता होई. माझ्या आवडत्या तटाचा पुढारी रोज विरुद्ध तटाच्या घरी येऊन बोटे शेकतो, हे मी त्या वेळी मनावर घेतले नाही.

मिनेसोटाच्या दक्षिणेकडच्या दोन-तृतीयांश भागात मार्चच्या पहिल्या सोमवारच्या रात्रीपर्यंत ही घरे सरोवरावरून काढावीच लागतात. त्या वर्षी तो सोमवार ३ मार्चला होता. आमचे काढायचे ठरले त्याच्या आदल्या शनिवारी. मधल्या दिवसांत ऊन पडून वरचे हिम वितळले होते आणि मग पुन्हा थंडी आली होती. जाऊन पाहतो तर घर एका बाजूला कललेले, ठोकळे दिसेनासे, आणि धावा चार-चार इंच बर्फात रुतलेल्या. दीड महिना एका जागी राहिलेले वजन बर्फ हळूहळू खाली दाबते. मग भोकांतून पाणी वर येते, पसरते आणि गोठते. आजोबांनी पट्टी घातली. बर्फ अजून सतरा इंच होता, भीती नव्हती; पण फटफटीने ओढून घर जागचे हलेना. "आधी रिकामं करा, मग फोडा," ते म्हणाले आणि दुसरी पहार आणायला गेले.

मी पहार घेतली आणि धावेच्या कडेने बर्फ फोडू लागलो. माझी सवय खडूची. दहा मिनिटांत हाताला फोड आले. मागून दादा म्हणाला, "दे इकडे."

"तू बाजूला हो. वहिनींना मी काय सांगू?"

"अरे, दे."

त्याने पहारेला हात घातला. मी ती ओढून घेतली आणि मग मला जे बोलायचे नव्हते ते बोललो. "कशाला हवा होता एवढा पसारा? त्या म्हाताऱ्याने तंबू दुमडला आणि गेला. छातीचं हाड आत्ता कुठं सांधलंय तुझं, आणि या गालिच्यासाठी तू इथं मरणार? अण्णांनी आयुष्य झावळ्यांच्या खोपीत काढलं, दादा. तुलाच सगळं लागतं. पहिल्यापासून."

'पहिल्यापासून' हा शब्द तोंडातून गेला आणि तो कुठून आला ते आम्हां दोघांनाही कळले.

दादा काही बोलला नाही. आत गेला. मीही थोड्या वेळाने सामान काढायला आत गेलो. शेगडी विझलेली होती. तो आपल्या फळीवर बसला होता, मी माझ्या फळीवर बसलो. भोके गोठली होती.

"तुला त्या खोपीतलं काय आठवतं?" त्याने विचारले.

"तारे," मी म्हणालो. "घोंगडी. अण्णांचा डबा."

"घोंगडी एक होती," दादा म्हणाला. "अण्णा फेरीला उठले की तुला तिच्यात गुंडाळून माझ्या मांडीवर देत. म्हणायचे, धाकट्याला वारा लागू देऊ नको. तुला ज्या फटीतून तारे दिसायचे ना, वारा तिथूनच यायचा. मी त्या फटीला पाठ लावून बसायचो. अण्णांची फेरी लांबायची. कधी कधी तासभर." तो थांबला. मग जरा हसून म्हणाला, "तक्रार नाही रे. अकरा वर्षांचा होतो, मला वाटायचं मोठं काम दिलंय. पण ती थंडी काही माझ्या पाठीतून गेली नाही. इथं आल्यावर पहिल्या हिवाळ्यातच ठरवलं, आपण खोप बांधायची तर फट ठेवायची नाही. आणि फळ्या दोन."

मी ज्या फळीवर बसलो होतो तिच्याकडे पाहिले. ती दादाच्या फळीपेक्षा वीतभर आखूड होती. मी ठेंगणा आहे. दीड महिना मी तिच्यावर बसत होतो आणि मला वाटत होते, लाकूड पुरले नसेल.

माझ्या वहीत तीस वर्षांचा हिशेब होता. कुणाची फी, कुणाचे कॉलेज, कुणी आईचे औषधपाणी पाहिले, कुणी किती पाठवले. त्यात घोंगडीची नोंद नव्हती. नोंद कशी असणार? मी तिच्या आत होतो. त्या खोपीच्या हलकेपणाचे मी दोन कादंबऱ्यांत कौतुक केले. आणि ती खोप हलकी होती, कारण तिच्यात जी भिंत नव्हती तिच्या जागी एक मुलगा बसला होता.

मला बोलायचे बरेच होते. पण मी उठलो आणि कपाटातले डबे काढू लागलो. दादाने गालिचा गुंडाळला. शेगडी आम्ही आजोबांची वाट पाहून तिघांनी मिळून उचलली, म्हणजे दोघांनी उचलली आणि दादाने तिचे धुराडे धरले. घर निम्म्याने हलके झाले. मग आजोबा आणि मी पाळीपाळीने पहार चालवली. दादा एका उपड्या बादलीवर बसून पहार कुठे मारायची ते सांगत होता. आणि मोठ्या भावाला ते काम फार छान जमते. दोन तासांनी एक धाव सुटली, मग दुसरी. फटफटीने हिसका दिला आणि घर कुरकुरत उभे राहिले. काठाला लागलो तेव्हा दिवे लागले होते. आजोबांनी जाताना घराच्या भिंतीवर थाप मारली आणि म्हणाले, पुढच्या वर्षी याला जरा उपाशी ठेवा.

मी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात परत आलो. विमानतळावर आम्ही विशेष काही बोललो नाही. आमच्या घरात विमानतळावर आणि स्टेशनवर कुणी काही बोलत नाही. फक्त, पाण्याची बाटली घेतलीस का, एवढे विचारतात.

परवा दादाचा फोन आला. नव्या हिवाळ्यासाठी त्याने ते घर पुन्हा उघडले आहे. लोखंडी शेगडी काढून तिच्या जागी गॅसची लहान शेगडी बसवली. एक खिडकी बुजवली. कपाट गेले. गालिचा वहिनींनी परस्पर कुणाला तरी देऊन टाकला. आजोबांनी धावांना खालून प्लास्टिकच्या पट्ट्या ठोकून दिल्या, म्हणजे बर्फ धरणार नाही. वजन पावणेतीनशे किलोंवर आले आहे आणि मासे सरकले तर आठवड्यातून एकदा हलवायचे, असे आजोबांनी त्याच्याकडून कबूल करून घेतले आहे.

"भिंतीतला फोम?" मी विचारले.

"तो आहे."

"आणि फळ्या?"

"दोन्ही आहेत," दादा म्हणाला. "आजोबा म्हणतात, एक काढ, पंधरा किलो वाचतील. काय करू?"

"त्यांना सांग, पंधरा किलोंचा बर्फ मी येऊन फोडीन," मी म्हणालो.

यंदा पाण्याचा धडा शिकवताना मी फळ्यावर नेहमीसारखे सरोवर काढले, बर्फ रंगवला, दोन मासे काढले आणि बर्फावर एक लहानसे चौकोनी घर काढले. पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारले, "गुरुजी, एवढं जड घर? बर्फ मोडणार नाही?" मी तिला कोष्टक सांगितले. माणसाला इतके इंच, मोटारीला इतके इंच. मुलांनी ते वहीत उतरवून घेतले.

"आणि घराला किती?" तिने विचारले.

"ते घराच्या वजनावर आहे," मी म्हणालो. "आत किती जण बसायचे आहेत, ते आधी ठरव."

तिने थोडा विचार केला आणि घरात दोन माणसे काढली.